हिमदंश: बर्फ चोळू नका



गेल्या अंकातील हिमदंशावरच्या पत्रात बधिर बोटांवर बर्फ चोळण्याचा आणि वर घोटभर ब्रँडी घेण्याचा सल्ला आहे. लडाखला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी तो मनावर घेऊ नये, म्हणून हे लिहितो.

बर्फ चोळण्याला मोठे केले ते नेपोलियनचा शल्यचिकित्सक लारे याने. रशियातून माघार घेताना (१८१२) सैनिक गोठलेले पाय शेकोटीत धरत. संवेदनाच नसल्याने मांस भाजले तरी कळत नसे. लारेचा शेकोटीला विरोध रास्तच होता. पर्याय मात्र चुकला, आणि तरीही शंभराहून अधिक वर्षे टिकला. मोठ्या नावाची पुण्याई, दुसरे काय!

गोठताना पेशींच्या अवतीभवती बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशींतले पाणी ओढून घेतात. चोळले की आधीच नाजूक झालेल्या ऊती आणखी फाटतात. वितळल्यानंतर बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. बरीच बोटे त्या टप्प्यावर जातात.

उपाय साधा: ३७ ते ३९ अंश सेल्सिअसचे पाणी, सोबत वेदनाशामक, कारण कळा जीवघेण्या असतात. पण वाटेत पुन्हा गोठण्याची भीती असेल, तर वितळवूच नये. गोठलेल्या पायाने चालत तळ गाठणे परवडते, वितळून पुन्हा गोठलेला पाय नाही.

राहिली ब्रँडी. तिने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब भासते आणि अंगातली उष्णता बाहेर जाते. ती परतल्यावर खुशाल घ्यावी.

– एक वाचक, नाशिक