रणांगण आणि पुण्यातला एक दिवस

वाचकहो, चित्रपट हा करमणुकीचा विषय. त्याला आरोग्याच्या पाक्षिकात जागा कशासाठी, असे आपणांपैकी काहींच्या मनात येईल. परंतु घरातील वडीलधाऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळा आपण जितक्या कसोशीने पाळतो, तितक्या कसोशीने ते रोज तासन् तास पडद्यावर काय पाहतात, आणि त्याचा त्यांच्या मनावर व हृदयावर काय परिणाम होतो, याचा विचार करीत नाही. खांदेश्वर येथील आमच्या वसाहतीत ज्येष्ठांसाठी लागोपाठच्या दोन रविवारी दोन चित्रपट दाखविण्यात आले. पहिला चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ (१९६४) आणि दुसरा सतीश राजवाडे यांचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०). एक युद्धपट, दुसरी खेळकर प्रेमकथा. दोन्ही वेळी पडद्याइतकेच लक्ष आम्ही प्रेक्षकांकडे दिले.

‘हकीकत’ला पार्श्वभूमी आहे ती १९६२ च्या चिनी आक्रमणाची. लडाखच्या उजाड उंचीवर तुटून पडलेली एक तुकडी, मेले असे समजले गेलेले जवान, आणि सहकाऱ्यांना मागे फिरता यावे म्हणून स्वतः मागे राहणारा तरुण कॅप्टन, अशी ही कथा. बलराज साहनी आणि धर्मेंद्र यांच्या भूमिका आजही मनाला भिडतात. मदनमोहन यांनी संगीत दिलेल्या आणि कैफी आझमी यांनी लिहिलेल्या एका गीतात बर्फात अडकलेले जवान घरच्या माणसांची आठवण काढतात. रफी, तलत महमूद, मन्ना डे आणि भूपिंदर असे चार आवाज त्यात एकत्र आले आहेत. आपल्यापैकी जे त्या वर्षी दहा-बारा वर्षांचे होते, त्यांना रेडिओभोवती जमलेले घर आठवत असेल, संरक्षण निधीसाठी आईने हातातून उतरविलेली बांगडी आठवत असेल, आणि यशवंतराव चव्हाणांना दिल्लीहून आलेले बोलावणेही आठवत असेल.

प्रेक्षकांत चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक आजी होत्या. त्यांचे थोरले बंधू त्या काळी सैन्यात होते. सासूबाईंना त्रास होईल म्हणून सूनबाईंची त्यांना आणायची तयारी नव्हती. आजी हट्टाने आल्या. ते गीत सुरू झाले तशा त्या रडू लागल्या. सूनबाई त्यांना बाहेर नेण्यासाठी उठल्या, तेव्हा आजींनी हातानेच नको म्हणून खुणावले. त्या रात्री जेवताना त्या कितीतरी वेळ बोलत होत्या. पत्र न आलेले आठवडे, पोस्टमन दिसला की आत निघून जाणारे वडील, बंधू सुखरूप परतल्यावरही घरात कोणी त्याविषयी न काढलेला शब्द. तीस वर्षे एका घरात राहून हे सारे सूनबाईंनी प्रथमच ऐकले. आजींना रडू येऊ नये म्हणून आपण जपत आलो आणि त्यामुळे त्यांचे बोलणेही राहून गेले, असे त्या नंतर म्हणाल्या.

परंतु यावरून युद्धपट सर्वांना मानवतो असे समजू नये. त्याच दिवशी एका काकांना तोफांच्या आवाजाने धडधडू लागले आणि रात्री झोप आली नाही. याबाबत एक लहानसा पण मार्मिक प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. मायकेल मिलर यांनी २००५ साली वीस निरोगी स्वयंसेवकांना दोन प्रकारच्या चित्रपटांतील प्रसंग दाखविले. एक ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ या युद्धपटाचा अंगावर येणारा आरंभ, आणि दुसरा ‘किंगपिन’ या विनोदी चित्रपटातील भाग. नंतर दंडातील रक्तवाहिनी किती सैलावते हे मोजले. युद्धाच्या दृश्यांनंतर वीसपैकी चौदा जणांच्या वाहिनीतील प्रवाह घटला. हसण्यानंतर एकोणीस जणांचा वाढला. हे लोक वयाने तरुण होते आणि संख्येनेही थोडे. तेव्हा विनोदी चित्रपट म्हणजे रक्तदाबाची गोळी, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. पडद्यावरील भय शरीराला खरेच जाणवते, एवढा बोध मात्र घेण्यासारखा आहे.

म्हणून ज्यांना हृदयविकार आहे, ज्यांच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे, किंवा स्मृतिभ्रंशामुळे ज्यांना पडद्यावरचे आणि घरातले यांतील भेद उमजत नाही, त्यांच्याजवळ अशा वेळी कोणीतरी बसावे. ‘ते लोक इकडे येतील का?’ असे ते पुन्हा पुन्हा विचारू लागले, श्वास भरभर चालू लागला, हात घट्ट आवळले गेले, तर चित्रपट थांबवावा, दिवा लावावा, पाणी द्यावे आणि शांतपणे बोलावे. वाद घालू नये. छातीत दुखणे, दम लागणे, दरदरून घाम येणे यांचा दोष मात्र चित्रपटाला देऊन थांबू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

दुसऱ्या रविवारी वातावरण निराळेच होते. ‘मुंबई-पुणे-मुंबई’त मुंबईची एक मुलगी घरच्यांच्या आग्रहाखातर मुलगा ‘पाहायला’ पुण्याला येते आणि एका अनोळखी तरुणाबरोबर तिचा सारा दिवस जातो. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी या दोघांच्या बोलण्यावरच चित्रपट उभा आहे. मुलीनेच मुलगा पाहायला जावे, या उलट्या रीतीवर आमच्या आजीमंडळींत जो हशा पिकला, तो पाहण्यासारखा होता. शेवट येथे सांगत नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांचा आनंद का हिरावावा?

या प्रेक्षकांत एक दांपत्य होते. गृहस्थांची स्मृती दोन वर्षांपासून मंदावली आहे; पत्नीचे नावही त्यांना अधूनमधून आठवत नाही. ‘हकीकत’मधील अनेक पात्रे आणि तळांवरची धावपळ त्यांना उमगली नव्हती. येथे मात्र माणसे दोनच, दिवस एकच, आणि पुण्याचे रस्ते नोकरीच्या काळात पायाखाली घातलेले. ते अखेरपर्यंत लक्ष देऊन पाहत होते. या चित्रपटातील दोघांना एकमेकांचे नाव ठाऊक नसते, तरी ती जवळ येतात. मध्यंतरात काकूंनी एवढेच म्हटले, की नाव विसरले तरी चहा हे अजून माझ्याच हातचा मागतात. त्यावर कोणी काही बोलले नाही, आणि बोलण्याची आवश्यकताही नव्हती. स्मृती क्षीण झालेल्यांसाठी चित्रपट निवडताना पात्रे थोडी, कथा सरळ आणि स्थळे परिचित असावीत, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

काही व्यावहारिक गोष्टीही ध्यानात ठेवाव्यात. ‘हकीकत’ तीन तासांहून मोठा आहे. असे चित्रपट दोन बैठकींत पाहावेत. तासाभराने उठून चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे वर-खाली हलवावेत, म्हणजे पायांवर सूज येत नाही. चित्रपटगृहात जायचे असेल तर दिवे मालवण्यापूर्वीच बसावे, कारण उतारवयात डोळे अंधाराला उशिरा सरावतात आणि पायरी चुकते. खुर्ची कडेची घ्यावी, शाल जवळ ठेवावी. लघवीची गोळी चालू असल्यास तिची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी. स्वतःहून चुकवू नये. मधुमेहींनी उपाशी बसू नये आणि रक्तदाब असणाऱ्यांनी खारट पॉपकॉर्नचा मोह टाळावा. ऐकू कमी येत असेल तर आवाज चढविण्यापेक्षा उपशीर्षके लावणे बरे.

वाचकहो, येत्या रविवारी आपल्या घरातील ज्येष्ठांना कोणता चित्रपट पाहायचा, हे त्यांनाच विचारून पाहा. तो संपल्यावर लगेच टीव्ही बंद करून उठू नका. दहा मिनिटे त्यांच्याजवळ बसा आणि ते जे बोलतील ते ऐका. बोलले नाहीत, तरी बसा.