डोंगर कोणासाठीं निवडावा?

दिवाळीची सुट्टी संपली कीं "यंदा सहल कोठें?" हा प्रश्न आमच्या शाळेंत वर्गावर्गांतून ऐकूं येऊं लागतो. मुंबईच्या मुलांस या बाबतींत दैव फार अनुकूल आहे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस सह्याद्रि! पहांटेच्या गाडीनें निघावें, दोन प्रहरीं डोंगरावर शिदोरी सोडावी आणि दिवेलागणीस घरीं परतावें, अशीं रम्य स्थळें या शहराच्या अगदीं हाताशीं आहेत. परंतु त्यांतून एकाची निवड ज्या रीतीनें होते ती रीति आम्हांस मान्य नाहीं, व तेंच येथें सांगावयाचें आहे.

निवड होते ती छायाचित्रावरून. कोणी तरी मोबाइलवर कलावंतीण सुळक्याचें चित्र दाखवितो: उभा कातळ, त्यांत खोदलेल्या पायऱ्या, माथ्यावर हात पसरून उभा असलेला तरुण. "ठरलें!" असा एकच गलका होतो. दोन वर्षांपूर्वीं आमचेंहि असेंच झालें. पनवेलजवळच्या या सुळक्यावर आम्ही तीस जण गेलों. आणि त्या बेतास मान डोलविणाऱ्यांत आम्हीहि होतों, हें आधींच कबूल केलेलें बरें. ठाकूरवाडीहून प्रबळमाचीपर्यंतची चढण सर्वांनीं हंसतखेळत काढली. पुढें पायऱ्या लागल्या. त्यांस कठडा नाहीं. एका अंगास कातळ, दुसऱ्या अंगास नुसती पोकळी. निम्म्या वाटेवर सातवींतला एक मुलगा मटकन् खालीं बसला. त्यास वर जातां येईना, कीं खालीं उतरतां येईना. वरून येणारे लोक खोळंबले. खालचे ओरडूं लागले. शेवटीं दहावींतला एक मुलगा त्याच्या पुढें बसला, आणि दोघेहि एकेक पायरी बसत बसत खालीं आले. या उतरणीस पाऊण तास लागला.

वर गेलेल्यांनीं दरी पाहिली, प्रबळगड पाहिला, छायाचित्रें काढलीं. त्या मुलानें दिवसभरांत काय पाहिलें? आपल्या पायांखालचा हातभर दगड! पुढच्या सहलीच्या यादींत त्याचें नांव नव्हतें. त्याची आई फाटकापाशीं भेटली तेव्हां तिनें एवढेंच विचारलें, "सर, निघण्याआधी त्याला विचारलं होतंत का?" आम्हीं विचारलें नव्हतें.

तेव्हांपासून आमचें मत असें झालें आहे कीं, डोंगराची निवड तुकडींत सर्वांत मागें चालणाऱ्या मुलाकडे पाहून करावी. यावर मोठीं मुलें विचारतील, "मग काय बागेंत जाऊन बसावें?" मुळींच नाहीं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांतून पायीं कान्हेरीस जाऊन पहावें. फाटकापासून सुमारें सहा किलोमीटरांची झाडींतील वाट, आणि वर शंभरांहून अधिक लेणीं. दमलेल्यानें चैत्यगृहाच्या सावलींत बसावें, दम असलेल्यानें वरच्या कातळावर जावें. दोघांचीहि सहल पुरी होते. पावसाचें पाणी कातळांतील पन्हळींतून टांक्यांत कसें वळविलें आहे, हें पाहण्यांत चौकस मुलाचा तास सहज जातो. (शिदोरी मात्र माकडांपासून जपावी.) या डोंगरांतील कारवी आठ वर्षांनीं एकदां फुलते. २०१६ सालीं फुलली, ती पुन्हा २०२४ सालीं. ज्यांनीं तो बहर चुकविला त्यांस आतां थांबणेंच प्राप्त आहे.

थोडें अधिक चढावयाचें असल्यास कर्नाळा आहे. त्याचा अंगठ्यासारखा सुळका मुंबई-गोवें रस्त्यावरूनच दिसतो, वाट पक्षी-अभयारण्याच्या रानांतून जाते, आणि कोणी अर्ध्यावर थांबला तरी पांखरें त्याच्या वांट्यास येतातच. सुळक्यावर आग्यामोहोळें असतात. तेथें आरडाओरडा करूं नये.

पण आमचें मन खरें रमतें तें लोहगडावर. लोणावळ्यास गाडी बदलून मळवलीस उतरावें. वाटेंत भाजें लेणीं लागतात. गडाच्या पायऱ्या रुंद आहेत, एकामागून एक चार दरवाजे येतात, म्हणून लहान मुलांस चढ जाणवत नाहीं. पुढें काय, ही उत्सुकताच त्यांस वर नेते. माथ्यावरून पवनेच्या धरणाचें पाणी दिसतें, आणि सर्व जण तें एकदम पाहतात. २०२५ सालीं हा गड जागतिक वारशांत गणला गेला, तेव्हां गर्दी वाढेल; सकाळीं लौकर पोंचावें.

"धाडसास कांहींच स्थान नाहीं काय?" असें कोणी म्हणेल. आहे. ज्यांस सुळके चढावयाचे आहेत त्यांनीं जाणत्या गिर्यारोहकाबरोबर, दोर घेऊन, निराळें जावें. शाळेच्या सहलींत सातवीच्या मुलास धाडस करावयास भाग पाडणें हें मोठ्यांचें शौर्य नव्हे.

पालकांस एक विनंति. आषाढ-श्रावणांत मुलें धबधब्यांचा हट्ट धरतील. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणाजवळच्या धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. वर डोंगरांत पाऊस कोसळला कीं खालचा ओढा पाहतां पाहतां फुगतो. शिवाय त्या दिवसांत गडमाथे धुक्यांत बुडालेले असतात. ज्या देखाव्यासाठीं जावें तोच दिसत नाहीं. भाद्रपद सरल्यावर सोनकीनें पठारें पिवळीं होतात, हवा निवळते. तोंवर थांबावें. आणि मुलास दमा असेल, उंचीची भीति वाटत असेल, तर तें संमतिपत्रावर मोकळेपणें लिहावें. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

यंदा आम्ही लोहगड सुचविला आहे. यादी फलकावर लावली आहे. त्या मुलास आम्हीं या वेळीं स्वतः जाऊन विचारलें. "विचार करून सांगतो," असें तो म्हणाला आहे.