खोलीची चावी कुणाकडे?

शनिवार-रविवारला लागून एखादा सण आला, की घरोघरी एकच विषय असतो. कुठं जायचं? पोरं म्हणतात भंडारदरा, सासूबाई म्हणतात शिर्डी. शेवटी ठरतं ते असं : शिर्डी, जमलं तर शिंगणापूर आणि परतताना नगरला आत्याकडे एक मुक्काम. मग दशम्या, शेंगदाण्याची चटणी, सासऱ्यांच्या गोळ्या, बाळाचे जादा कपडे यांची तयारी सुरू होते. ती अर्थातच घरातल्या बाईनं करायची. चार जणांचं सामान ती बिनचूक भरते, पण परक्या गावी आपण एकटीच राहिलो तर काय करायचं, याची तयारी तिच्या बॅगेत नसते.

माझ्या मावशीचीच गोष्ट सांगते. वय सदुसष्ट, तब्येत ठणठणीत. सुट्टीतल्या रविवारी सगळं कुटुंब शिर्डीला गेलं. मंदिरात मोबाईल नेता येत नाहीत, त्यामुळे सगळ्यांचे फोन बाहेर जमा केलेले. तपासणीला बायकांची रांग वेगळी झाली आणि गर्दीच्या रेट्यात मावशी एकटीच पुढे ढकलली गेली. दर्शन झालं, बाहेर आली, तर ओळखीचं कुणीच नाही. पैसे काकांकडे, खोलीची चावी काकांकडे. लॉजचं नाव ‘साई’ने सुरू होतं एवढंच तिला आठवत होतं. पण शिर्डीत निम्म्या पाट्या ‘साई’नेच सुरू होतात! फोन नंबर पाठ होता तो घरच्या जुन्या लँडलाइनचा, आणि तो फोन बंद होऊन कित्येक वर्षं झाली होती.

तेवढ्यात एक माणूस जवळ आला. “मावशी, तुमची माणसं तिकडं उभी आहेत, चला, सोडतो.” मावशी उठलीही होती. शेजारी फुलं विकणारी बाई मात्र ओरडली, “कोण माणसं? नाव सांग बरं त्यांचं!” तो गडी निमूट निघून गेला. त्या बाईनंच मग मावशीला पोलिसांपर्यंत नेलं आणि अडीच तासांनी चुकामूक संपली. घरी हा किस्सा आता हसतहसत सांगितला जातो. पण मावशी अजून हसत नाही.

असा प्रत्येक किस्सा अडीच तासांत संपतोच असं नाही. २०१७ मध्ये नवरा आणि मुलांसोबत शिर्डीला आलेली इंदूरची एक महिला तिथून बेपत्ता झाली. नवऱ्यानं न्यायालयाचं दार ठोठावलं. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर या प्रकरणात शिर्डीतून एका वर्षात बेपत्ता झालेल्या ८८ जणांचा उल्लेख आला, आणि यामागे मानवी तस्करी आहे का हे तपासा, असं न्यायालयानं पोलिसांना सांगितलं. ती महिला पुढे तीन वर्षांनी सुखरूप सापडली. पण तोवर त्या घरानं काय सोसलं असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

मैत्रिणींनो, हे वाचून ‘नको बाई ते जाणं’ असं म्हणू नका. उलट, जायलाच हवं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि कितीतरी जणी पहिल्यांदाच भिशीच्या किंवा बचत गटाच्या मैत्रिणींबरोबर हौसेनं बाहेर पडल्या. ही मोकळीक भीतीपोटी गमवायची नाही. माझं म्हणणं वेगळंच आहे. प्रवासात आपल्याला ‘सांभाळलं’ जातं, आणि त्या सांभाळण्यात पैसे, फोन, चावी, पत्ता सगळं एकाच माणसाच्या खिशात जातं. तो माणूस नजरेआड झाला, की घरात दहा जणांचा संसार हाकणारी बाई परक्या गावात अगदी रिकाम्या हातांची होते. गर्दी कमी करणं आपल्या हातात नाही, रिकामे हात भरणं मात्र आहे.

म्हणून निघण्याआधी एवढं कराच. घरातल्या प्रत्येक बाईकडे, सासूबाई आणि शाळकरी लेकीसकट, स्वतःचे थोडे सुटे पैसे हवेत. कागदाच्या चिठ्ठीवर दोन मोबाईल नंबर आणि मुक्कामाचं नाव लिहून ती पर्समध्ये नव्हे, ब्लाउजच्या किंवा ड्रेसच्या खिशात ठेवा. खोली घेतली की लॉजचं कार्ड प्रत्येकीनं मागून घ्यावं. निदान एक चालू नंबर तोंडपाठ हवाच, कारण मंदिरात फोन नसतो आणि बाहेर बॅटरी संपते. चुकामूक झाली तर कुठं भेटायचं, ती खूण रांगेत शिरण्याआधी ठरवा. ‘गेटजवळ’ नको, गेटं बरीच असतात.

खोलीचं बुकिंग मोबाईलवर करत असाल तर जरा थांबा. देवस्थानांच्या भक्तनिवासांच्या नावानं खोट्या वेबसाइट निघतात आणि आगाऊ पैसे घेऊन गायब होतात. संस्थानच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच खोली घ्या. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितके पैसे लांब जातात. खोलीत गेल्यावर दाराची कडी आतून नीट लागते का, ते आधी पाहा. लागत नसेल तर खोली बदलून मागा. त्यात लाज कसली?

आपल्या जिल्ह्यात येणाऱ्या पाहुण्याला आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. शिंगणापूरच्या रस्त्यावर गाडीला हात करून पूजासाहित्याच्या दुकानाकडे वळवणाऱ्यांना इकडे ‘लटकू’ म्हणतात, तर शिर्डीत दर्शन करून देतो म्हणत मागे लागणाऱ्यांना ‘पॉलिशवाले’. बोलणं गोड, ताई-मावशीशिवाय शब्द नाही. त्यांना एकच उत्तर, “आमचं ठरलंय.” आणि थांबायचं नाही. शिर्डी ते शिंगणापूर अंतर ७०-७५ किलोमीटर. खासगी जीप घेणार असाल तर जाण्या-येण्याचं भाडं आधीच ठरवा, गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो घरी पाठवा आणि उजेड असतानाच परत फिरा. शिंगणापूर हे बिनकुलपांचं गाव म्हणून जगभर गाजलं, २०११ मध्ये तिथं एका बँकेनं बिनकुलपाची शाखाही उघडली. ती त्या गावाची श्रद्धा आहे. आपल्या बॅगेला मात्र कुलूप लावावं!

नगर शहराचंच घ्या. माळीवाडा, तारकपूर आणि पुणे बसस्थानक अशी तीन स्थानकं. नवख्या बाईला आपली गाडी कुठून सुटते ते कळत नाही, मग ती शेजारच्या माणसाला विचारते. इथं फेब्रुवारी २०२५ ची पुण्याच्या स्वारगेट स्थानकातली घटना आठवा. फलटणला जाण्यासाठी पहाटे थांबलेल्या तरुणीला एकानं ‘ताई’ म्हणून हाक मारली, तुमची गाडी दुसरीकडे लागलीय असं सांगून उभ्या असलेल्या रिकाम्या शिवशाहीत नेलं आणि तिथं तिच्यावर अत्याचार केल्याचा गुन्हा नोंदला गेला. त्यानंतर ‘ती गेलीच कशाला’ असं विचारणारेही निघाले. मी विचारते, ताई म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवणं हा गुन्हा कधीपासून झाला? दोष तिचा नव्हताच. आपण एवढंच शिकायचं, की गाडीची चौकशी खिडकीवर किंवा गणवेशातल्या कंडक्टरकडेच करायची आणि बंद, अंधाऱ्या गाडीत पहिलं पाऊल आपण टाकायचं नाही.

आणि काही घडलंच, तर गप्प बसू नका. आपल्याकडे काय होतं? गर्दीत कुणी अंगचटीला आलं, मंगळसूत्र गेलं, तरी ‘गाडी चुकेल, परगावी कुठं पोलीस-कचेरी’ म्हणून बाई निघून येते. ११२ नंबर लावा. गुन्हा शिर्डीत घडला म्हणून तक्रार तिथंच द्यावी लागते असंही नाही. आपल्या गावच्या ठाण्यातही ती नोंदवून घ्यावी लागते, यालाच झिरो एफआयआर म्हणतात. माणूस हरवलं तर चोवीस तास थांबा, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. असा कुठलाही नियम नाही, पहिला तासच मोलाचा.

मात्र सगळी जबाबदारी प्रवासाला निघालेल्या बाईच्याच पदरात टाकून चालणार नाही. सलग सुट्ट्यांची तारीख कॅलेंडरवर वर्षभर आधी छापलेली असते, मग त्या दिवशीचा जादा बंदोबस्त, रस्त्यावरचे दिवे, भाड्याचे फलक, स्वच्छ आणि कडी लागणारी स्वच्छतागृहं ही ऐनवेळची धावपळ का असावी? देवस्थानाच्या गावात ‘चुकलात का? इथे या’ अशी ठळक पाटी आणि तिथं बसलेली एक महिला पोलीस, एवढं मागणं काही जास्त नाही.

आणि आपण? या जिल्ह्यातल्या आपण सगळ्या कधी पाहुण्या असतो, तर कधी यजमान. कुणाचा फुलांचा गाळा आहे, कुणाची खाणावळ, कुणी स्टँडवर गाडीची वाट पाहत उभी असते. बावरलेली एखादी बाई दिसली, तर दोन मिनिटं थांबून विचारू या, “कुणाबरोबर आलात?” माझ्या मावशीला त्या दिवशी एका फुलवालीच्या अशाच एका प्रश्नानं वाचवलं.

मावशी यंदा पुन्हा शिर्डीला जाणार आहे. या वेळी खोलीची एक चावी तिच्याकडे राहील, असं तिनं काकांना आधीच बजावून ठेवलंय.