पूजा आपली, झाडू मामांचा?

मी पडले कॉन्व्हेंटवाली! खंडेनवमीला यंत्रांची पूजा करतात, हे मला इथे वर्कशॉपमध्ये आल्यावरच कळलं. ज्या लेथवर वर्षभर जॉब करायचा, त्याला हळद-कुंकू, झेंडूचा हार... मनापासून आवडलं.

आवडलं नाही ते दसऱ्यानंतरचं. वर्कशॉप उघडलं तेव्हा कूलंटच्या ट्रेमध्ये थर्माकोलचे दाणे तरंगत होते आणि मामा लोखंडाच्या किसातून चमकीच्या पट्ट्या हातानं वेचत होते. पूजेला पुढे असलेले आपण सगळे हॉस्टेलवर गाढ झोपेत! मीसुद्धा.

थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पण मुद्दा फक्त कायद्याचा नाही. झेंडू आणि आंब्याची पानं सुती दोऱ्यात ओवली, तर त्यांचं खत होतं. त्यात प्लॅस्टिक मिसळलं, की निर्माल्याचाही कचराच होतो.

काही जण म्हणतील, "सणासुदीला कसला हिशेब!" पण मित्रहो, वर्कशॉप सगळ्यांचं, तर झाडूही सगळ्यांचा. यंदा आरतीला जितके हात, तितकेच आवरायला हवेत. आणि प्रसादाचा पहिला तुकडा मामांना! बघा, पटतंय का?