वरिष्ठांचा शोध आणि घरची माणसे

कारखान्याचा सर्वोच्च अधिकारी शोधून देणे हा आता स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. अशा शोधसंस्थेचा मेहनताना प्रथेनुसार पहिल्या वर्षाच्या पगाराच्या सुमारे एक तृतीयांश असतो. म्हणजे पगार जितका मोठा, तितकी तिची प्राप्ती मोठी. निवड चुकली, तर काही महिन्यांच्या हमीनंतर तिची झळ मात्र कारखान्याला आणि कामगारांनाच सोसावी लागते.

या संदर्भात ज्यांचे बालपण रोह्यात गेले, त्या चिंतामणराव देशमुखांचे उदाहरण उद्बोधक ठरावे. सनदी सेवेतून ते रिझर्व्ह बँकेत आले, म्हणजे बाहेरूनच. परंतु थेट सर्वोच्च पदावर नव्हे. १९३९ मध्ये मध्यवर्ती मंडळाचे चिटणीस, १९४१ मध्ये उपगव्हर्नर आणि १९४३ मध्ये पहिले भारतीय गव्हर्नर, असा तो क्रम होता. बँकेला त्यांची पारख करण्यास चार वर्षे मिळाली. दोन-चार मुलाखतींत ती कशी साधणार?

स्थानिक शोधसंस्थेला आसपासची माणसे अधिक ठाऊक असतात, हा तिचा खरा लाभ. तेव्हा कारखान्यातील अनुभवी अभियंत्यांची नावेही तिने यादीत घ्यावीत आणि मेहनतान्याचा काही भाग तिला दोन वर्षांनंतर मिळावा. अन्यथा धाटावच्या वसाहतीत नोकरीस लागणाऱ्या तरुणाची बढतीची शिडी अर्ध्यावरच संपेल.