पोटाचे व्हिडिओ आणि पाठाचे टाचण

रमजान आला की मोबाईलवर पोटाचे व्हिडिओ वाढतात. 'सात दिवसांत गॅस गायब', 'हे एकच आसन, बद्धकोष्ठता मुळापासून संपेल'. इफ्तारला भजी, समोसे, वर थंड सरबत. रात्री पोट फुगले की खाला, भाभी, आपा एकमेकींना हेच पाठवतात. दवाखान्याची फी नाही, घराबाहेर पडायला कुणाची परवानगी नको. म्हणून आमच्या बायकांना हे व्हिडिओ जवळचे वाटतात, आणि म्हणूनच त्यांच्या दर्जाबद्दल बोलायला हवे.

हिंगणघाटच्या माझ्या एक खाला पाच महिने व्हिडिओ पाहून कपालभाती करत होत्या. तेलकट खाल्ले की उजव्या बरगडीखाली दुखायचे. त्या त्याला गॅस म्हणायच्या. शेवटी सोनोग्राफी केली, पित्ताशयात खडे निघाले. खडे व्यायामाने झाले नव्हते, पण पाच महिने त्या व्हिडिओच्या भरवशावर गेले.

मी शिक्षिका आहे. बी.एड.ला आमच्याकडून पाठाचे टाचण लिहून घेत : उद्दिष्ट, पूर्वज्ञान, मूल्यमापन. समोरच्या मुलाला आधी काय येते हे न विचारता शिकवले की गुण कापले जात. या व्हिडिओंतल्या गुरुजींचे गुण कोण कापणार? बाई गरोदर आहे का, रक्तदाब आहे का, हर्निया आहे का, नुकतेच ऑपरेशन झाले आहे का, काही न विचारता ते म्हणतात, "पोट जोरात आत ओढा." पाठाचे मूल्यमापन काय, तर लाइक किती आले!

कुणी म्हणेल, मुसलमान बाई, योगाला विरोध करणारच. अजिबात नाही. जेवणानंतर सावकाश चालण्याने पोट हलके होते, हे मी रोज अनुभवते. आणि योगाचे म्हणाल तर स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले, त्याच वर्षी 'योगमीमांसा' नियतकालिक सुरू केले. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब त्यांनी यंत्राने मोजला, क्ष-किरण तपासण्या केल्या, निष्कर्ष छापले. दावा करण्याआधी मोजण्याची ही रीत महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी होती. आज मोबाईल उभा केला की झाले तज्ज्ञ! आमचे लोकही मागे नाहीत. 'सजद्याने पचन सुधारते' असे व्हिडिओ फिरतातच. नमाज इबादत आहे. तिला पोटाचा इलाज म्हणून विकू नका.

आपल्या जिल्ह्याला तर हे वेगळे सांगायला नको. सेवाग्रामला राहायला येण्याच्या कितीतरी आधीपासून गांधीजी बद्धकोष्ठतेवर माती-पाण्याचे उपचार स्वतःवर करून पाहत होते. निसर्गोपचारावर त्यांच्याइतका विश्वास क्वचितच कुणाचा असेल. पण जानेवारी 1924 मध्ये त्यांना अपेंडिसायटिस झाला, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. मातीची पट्टी कुठवर आणि डॉक्टर कुठून, ही रेषा त्यांनाही मानावी लागली. आपले व्हिडिओवाले ती रेषा दाखवतच नाहीत.

माझ्या मते चांगल्या व्हिडिओची परीक्षा सोपी आहे. शिकवणारा कोण, त्याचे शिक्षण काय, हे तो सांगतो का? हा व्यायाम कुणी करू नये, हे सुरुवातीलाच सांगतो का? कधी थांबायचे, हे सांगतो का? शौचातून रक्त, काळी शी, कारण नसताना उतरलेले वजन, गिळताना अडकणे, झोपेतून उठवणारे दुखणे : यावर आसन नाही, डॉक्टर आहे, हे सांगतो का? छातीत किंवा वरच्या पोटात दाटून आले, घाम सुटला, तर तो गॅस नसून हृदयविकाराचा झटका असू शकतो, हे सांगतो का? नसेल, तर तो पुढे पाठवू नका. फॉरवर्ड करणे म्हणजे सल्ला देणेच आहे, आणि सल्ल्याची जबाबदारी असते.

एक मागणीही आहे. सेवाग्राम आणि सावंगी, दोन मेडिकल कॉलेजे आपल्या जिल्ह्यात आहेत. तिथल्या डॉक्टरांनी पाच-पाच मिनिटांचे व्हिडिओ वऱ्हाडी मराठीत आणि आमच्या दखनी-उर्दू वळणाच्या बोलीत करावेत. बाईने सांगितलेले, बाईला समजेल असे. अनुवादाला मी आहे, मानधन नको. माझ्या खालांचे पाच महिने परत येणार नाहीत. दुसऱ्या कुणाच्या खालांचे तरी वाचतील.