दीड मिनिटाची राइड आणि विकलेली रांग

गेल्या शनिवारी एका नव्याकोऱ्या रोलर कोस्टरवर बसून आलो. इकडे अमेरिकेत, घरापासून तीन तासांवरचं पार्क. (नाव सांगत नाही, मुद्दा त्या एका पार्कचा नाहीच.) ऑफिसातले आम्ही चौघे पहाटे पाचला निघालो होतो.

आधी चांगलं सांगतो. राइड भन्नाट आहे! साखळी गाडीला खटखट करत वर ओढायला लागते तेव्हा भल्याभल्यांना देव आठवतो. 40 मीटरवरून खाली आलं की, घर्षण सोडून दिलं तर, ताशी साधारण 100 किलोमीटर वेग होतो. हे बारावीच्या फिजिक्समुळे डोक्याला माहीत असतं, पोटाला नसतं. आणि एक फुकटचा सल्ला : शेवटच्या ओळीत बसा. पुढचे डबे उतरायला लागले की मागचे डबे शिखरावरून वेगाने खेचले जातात आणि माणूस सीटवरून चक्क उचलला जातो. पुढून दिसतं छान, पण मजा मागे.

दीड मिनिटात खेळ खलास. पाय लटपटत होते आणि मी वेड्यासारखा हसत होतो.

या दीड मिनिटासाठी दोन तास दहा मिनिटं उभा होतो. त्याचंही काही नाही हो. नवीन खेळ म्हटल्यावर गर्दी असणारच. डोकं फिरलं ते शेजारच्या रांगेमुळे. एक्सप्रेस पासवाले! तिकिटावर आणखी पैसे मोजायचे आणि सरळ पुढे जायचं.

शेवटी करायला काही नव्हतं म्हणून मोजत बसलो. 24 सीटची गाडी. दहा गाड्यांत 240 माणसं गेली, त्यातली 130 एक्सप्रेसवाली. म्हणजे आमच्या रांगेच्या वाट्याला निम्म्याहूनही कमी सीट. जी रांग तासाभरात सरली असती तिला दोन तासांहून जास्त लागणार, सरळ हिशोब आहे. पास नसता तरी ती माणसं रांगेत असतीच, मान्य. पण आमच्यानंतर आलेली आमच्या मागे असती.

आता कोणीतरी म्हणणार, "त्यांनी पैसे देऊन वेळ वाचवला, तुझं काय गेलं?" अहो, माझाच वेळ गेला! पास विकला म्हणून गाडीला पंचविसावी सीट फुटत नाही. पार्क त्यांना स्वतःच्या खिशातलं काही देत नाही, माझी पाळी काढून त्यांना विकतं. बिझनेस क्लासचं उदाहरण तर देऊच नका. बिझनेस क्लासवाला ऐसपैस बसतो, पण त्याच्यामुळे माझं विमान तासभर उशिरा पोचत नाही.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. प्रायॉरिटी क्यूमध्ये वरच्या दर्जाची कामं येतच राहिली की खालची उपाशी राहतात. म्हणून शहाणा प्रोग्रॅमर थांबलेल्या कामाचा दर्जा हळूहळू वाढवत नेतो. पार्कला ते करायचं काहीच कारण नाही. साधी रांग जितकी रटाळ, तितके पास जास्त खपणार. बग दुरुस्त करण्यापेक्षा विकण्यात फायदा असेल, तर तो कोण दुरुस्त करेल?

गंमत म्हणजे हे असंच असायला हवं असंही नाही. डिस्नेने 1999 साली फ्लोरिडात फास्टपास आणला तेव्हा तो सगळ्यांना फुकट होता. यंत्रातून कागदी पास घ्यायचा, दिलेल्या वेळेला यायचं. म्हणजे तोही पाळी राखायचाच एक प्रकार. 2021 पासून तिथे पैसे द्यावे लागतात. तंत्र जमलं नाही म्हणून बदललं नाही. विकता येतं हे कळलं म्हणून बदललं.

आता कबुली. संध्याकाळी मित्राकडचा एक जादा पास मी वापरला. दहा मिनिटांत पुढे. फाटकाशी पोचलो तर साध्या रांगेत एक बाप सात-आठ वर्षांच्या पोरीला कडेवर घेऊन उभा. पोरगी पेंगुळलेली. मी तिच्यासमोरून आत गेलो. ती नुसती बघत होती. राइड तीच, ओळही शेवटचीच, पण या वेळी हसू काही आलं नाही.

जत्रेतल्या आकाशपाळण्यासाठी सरपंचाचं पोरगंही आमच्या मागे उभं राहायचं. पुढे घुसलंच तर आजूबाजूचे ओरडायचे, आणि त्याला लाज तरी वाटायची. आता पावती दाखवली की लाजही वाटत नाही. देवळातलं पैसे भरून दर्शन आपण असंच पचवलं. आणि हे पास घेणारं गिऱ्हाईक कोण? तुम्ही-आम्हीच, तीस-पस्तिशीतले, बरा पगार आणि मोजून दोन दिवसांची सुट्टी असलेले. मंत्र्यासाठी रस्ता अडवला की शिव्या घालतो, आणि इथे कार्ड काढून तेच करतो.

मी तरी यापुढे पास घेणार नाही. सोमवारी जेवणाच्या टेबलावर यावरून भांडण होणार हे नक्की, कारण पुढच्या महिन्यात परत जायचं ठरलंय आणि बाकी तिघांनी पास बुकसुद्धा केलेत. असो. मी शेवटच्या ओळीची वाट बघत साध्या रांगेत उभा असेन. कोणी येणार असाल तर गप्पा मारायला दोन तास आहेतच.